ठिपकेआक्का सडसडीत झाली

मुलं झोपली असतील तर सांगतो. गोष्ट प्राण्यांची आहे, पण मुलांच्या कामाची नाही.

सुखारण्य नावाचं एक जंगल होतं. तिथे साग होते, बांबू होते, एक तळं होतं आणि लोकशाही होती. लोकशाही असल्यामुळे राजा निवडून यायचा, आणि दर वेळी अस्वलच निवडून यायचं, कारण मतं टाकायचा रांजण अस्वलाच्या गुहेत ठेवलेला असायचा. सध्याच्या राजाचं नाव भल्लेराव. तो मनाने फार चांगला होता. तसं त्याच्या जाहीरनाम्यातच म्हटलेलं होतं.

या सुखारण्यात गोडवा नावाचा एक रोग होता. तो ज्याला व्हायचा त्याचं रक्त गोड व्हायचं, अर्धं तळं प्यायलं तरी तहान भागायची नाही, आणि तो जिथे लघवी करील तिथे मुंग्यांची रांग लागायची. रोग ओळखायची जंगलात एवढीच सोय होती. पण ती फुकट होती आणि मुंग्यांचा अहवाल कधी चुकला नव्हता. मुंग्या मागे लागल्या की शेजारीपाजारी माना हलवायचे आणि म्हणायचे, मध खाल्ला असणार, दुसरं काय.

आता ठिपकेआक्काचं बघा. ही चितळीण. हिने जन्मात मध चाटला नव्हता. चाटणार कशी, पोळं झाडावर आणि ही जमिनीवर. तरीही एका उन्हाळ्यात तिच्या मागे मुंग्या लागल्या, आणि सगळ्या कळपाने तिच्याकडे बघून माना हलवल्या. भल्लेराव रोज सकाळी एक आणि संध्याकाळी एक पोळं फस्त करायचा, पण त्याच्या मागे मुंगी लागली नाही. राजाच्या मागे लागायची मुंगीची काय बिशाद, असं लोक म्हणत. मला विचाराल तर रोगाला असला काही हिशेब कळत नाही. तो कुणालाही होतो. पण हे मानलं तर दुसऱ्याला दोष देता येत नाही, म्हणून ते कुणी मानत नसे.

गोडव्यावर औषध होतं. त्याला उतारा म्हणत. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा साळूच्या पोकळ काट्यात भरून टोचून घेतला की मुंग्या आपल्या वाटेने निघून जायच्या आणि माणूस, म्हणजे जनावर, धडधाकट राहायचं. एका म्हाताऱ्या कासवाने, कूर्मवैद्याने, हा उतारा शोधून काढला होता. राजाने त्याला विचारलं, बदल्यात काय देऊ, तेव्हा तो म्हणाला, एक जांभूळ द्या. हे औषध सगळ्यांचं आहे. सभागृहात सगळे रडले. कासव वारल्यावर त्याचा चौकात पुतळा उभारला. पुतळा उभारला म्हणजे त्याने सांगितलेलं पाळायची फारशी गरज राहत नाही.

औषध सगळ्यांचं होतं, पण कढई निर्मोहीशेठची होती. निर्मोहीशेठ म्हणजे कोल्हा. रस कढवायचा त्याने, साळूंनी गाळलेले काटे गोळा करायचे त्याने, भरायचे त्याने आणि विकायचेही त्यानेच. बाजारात स्पर्धा असली पाहिजे असा ठराव सभागृहाने केला, तेव्हा शेठने आपल्या दोन सख्ख्या भावांना समोरासमोर दुकानं थाटून दिली. तिघेही एकाच दिवशी, एकाच वेळी भाव वाढवायचे. स्पर्धा इतकी अटीतटीची होती की तिघांतला एकही मागे राहायला तयार नसे.

भाव चढत गेले आणि निवडणूक जवळ आली. मुंग्या लागलेल्यांनाही मत होतं. तेव्हा भल्लेरावाने वारुळावर उभं राहून भाषण केलं. “माझ्या सुखारण्यातल्या बंधूंनो आणि भगिनींनो,” तो म्हणाला, “कूर्मवैद्यांनी ज्या किमतीला उतारा आपल्याला दिला, त्याच किमतीला तो आजपासून मिळेल. एक जांभूळ!” टाळ्यांनी पानं गळली. सगळ्यांत जोरात टाळ्या निर्मोहीशेठने वाजवल्या, आणि हे बघून विरोधी पक्षनेता मुंगूस जरा चपापला. पण टाळ्या वाजवायला कायद्याने बंदी नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिन्ही दुकानांवर सुंदर पाट्या लागल्या. उतारा, एक जांभूळ फक्त. ठिपकेआक्का जांभूळ तोंडात धरून गेली. शेठने तिला बसायला दिलं, पाणी दिलं, कळपाची चौकशी केली आणि सांगितलं की भाव अगदी हाच आहे, मात्र माल नाही. आक्काने जांभूळ खाली ठेवून विचारलं की माल कधी येणार. शेठ म्हणाला, एका जांभळात सरपणाचाही खर्च निघत नाही, पण जनतेसाठी आम्ही तोटा सोसायला तयार आहोत. फक्त तोटा सोसायला थोडा वेळ लागेल. आक्का परत आली. जांभूळ तिथेच राहिलं.

वेळ का लागत होता, ते सांगतो. त्या कढईत शेठला आणखी एक रस सापडला होता. तो टोचून घेतला की भूक लागायची नाही आणि पोट आत जायचं. शेठने त्याचं नाव ठेवलं सडसडी. पोट ही व्याधी नसल्यामुळे सडसडीला औषधाचा कायदा लागू नव्हता, आणि कायदा नसल्यामुळे भावही बांधलेला नव्हता. शिवाय नदीपलीकडच्या वैभववनात सगळ्यांचीच पोटं सुटलेली. ते शेठ म्हणेल ती किंमत मोजायला तयार होते. कढई एक, साळूचे काटे मोजके. त्यात काय भरायचं हे ठरवायला शेठला फार विचार करावा लागला नसणार.

पहिला काटा त्याने भल्लेरावाला भेट दिला. आठवडाभरात राजाचं पोट आत गेलं आणि त्याला तळ्यात वाकून स्वतःचे पाय दिसले. त्याला भरून आलं. त्याच दुपारी त्याने सडसडी हा राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून जाहीर केला आणि घोषणा दिली, पोट आत, जंगल पुढे! मग जी काही धमाल उडाली ती विचारू नका. रानगव्यांच्या महिला मंडळाने सामूहिक टोचणी ठेवली. हत्तीण रोज सकाळी दोन सागांच्या मधून जाऊन बघायची. अजगराने उत्साहाच्या भरात तीन काटे लावून घेतले आणि त्याचा इतका दोर झाला की कुणीतरी त्याच्यावर ओली कातडी वाळत घातली. खारीला कशाचीच गरज नव्हती, पण शेजारीण घेते म्हणून तिनेही घेतली आणि पहिल्या वाऱ्याबरोबर ती वैभववनात जाऊन पडली. तिथे तिचं स्वागत अनिवासी म्हणून झालं.

या सगळ्या धामधुमीत मुंग्या लागलेल्यांनी मुंगसाकडे तक्रार नेली. मुंगसाने सभागृहात प्रश्न विचारला, की जंगलात उताऱ्याची टंचाई आहे हे खरं आहे काय. उत्तर आलं, की टंचाई आहे किंवा नाही हे सरकार सांगू शकत नाही, कारण ते सांगायला पदच नाही. पण सरकार संवेदनशील असल्यामुळे असं पद लगेच निर्माण करत आहे. आणि त्या पदावर नेमणूक झाली शेंडेनानाची.

शेंडेनाना म्हणजे वानर. त्याची निवड होणं अगदी योग्य होतं, कारण या रानात वानरांचा आणि चितळांचा फार जुना रिवाज आहे. वानराने शेंड्यावर बसून लांबवर नजर ठेवायची आणि वाघ दिसला की खकारायचं. चितळांनी खाली मान घालून चरायचं आणि खकार ऐकला की काही न विचारता पळायचं. का पळायचं, असं विचारायला थांबलेल्या चितळांचा वंश पुढे चालला नाही. शेंडेनाना आणि ठिपकेआक्का तर एकाच झाडाचे रहिवासी, तो वर आणि ती खाली. तो कोवळा पाला खाताना निम्मा खाली टाकायचा, आणि ती म्हणायची की नाना सांडतो फार. पण तो सांडत नव्हता, टाकत होता, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्याने खकारावं आणि तिने पळावं असं आयुष्यभर चाललं होतं, आणि म्हणून ती आयुष्यभर जिवंत होती.

नानाला शेठच्या कोठाराशेजारचं मोठं उंबराचं झाड मिळालं, फळांसकट. काम सोपं होतं. उंबराच्या शेंड्यावर बसायचं, खाली कोठाराच्या अंगणात मांडलेले उताऱ्याचे हंडे बघायचे, आणि हंडे दिसेनासे झाले तर खकारायचं. नियमात स्पष्ट होतं, की टंचाई जाहीर करायचा अधिकार फक्त निरीक्षकाला आहे आणि निरीक्षण फक्त शेंड्यावरूनच करायचं आहे, म्हणजे ते निःपक्षपाती राहील. नानाने छाती फुगवली. आपण वरून सगळं बघतो, आपल्यापासून काय लपणार, असं त्याला मनापासून वाटायचं. उंबरंही गोड होती. त्या गोडीचा त्याच्या नजरेवर परिणाम झाला असं मी म्हणणार नाही. पण खाली उतरायचा त्याला कंटाळा येऊ लागला, एवढं खरं.

आक्काकडे थोडा उतारा शिल्लक होता. ती निम्मा निम्मा टोचू लागली, मग निम्म्याचा निम्मा. बाकीच्या मुंग्या लागलेल्यांनी एक वाट शोधून काढली होती. नदीच्या पलीकडे एका ढोलीत चोरून उतारा विकणारा एक घोरपडा बसायचा. नदी ओलांडायची म्हणजे मगरींतून जायचं, पण जे गेले त्यांतले बरेच परत आले. कळपाने आक्कालाही विचारलं, येतेस का. ती म्हणाली, आधी नानाला विचारते, आणि उंबराखाली जाऊन उभी राहिली.

“नाना, उतारा दिसून राह्यला काय तुमाले?”

“दिसून राह्यला ना, आक्का. हंडे त भरून ठेवले हायेत. ओळीनं. झाकणं चमकून राह्यली उन्हात.”

“मंग मी नदीवर कायले जाऊ?”

“कायले जाते? दोनचार दिवसांत वाटप होईल. माही नजर हाये ना.”

आक्का गेली नाही. तिला आपल्याइतकी अक्कल नव्हती. जन्मभर ज्याच्या शब्दावर पाय उचलले त्याच्या शब्दावर तिने पाय थांबवले. वाटप काही झालं नाही. वैभववनाकडे मात्र रोज पहाटे कोठाराच्या मागच्या दाराने गाढवांचा तांडा निघायचा. तो उंबरावरून दिसत नसे, कारण नियमात पुढच्या अंगणाचं निरीक्षण होतं.

मग आक्का वाळायला लागली. खायची तेवढंच, तळ्यावर दिवसातून कितीदा जायची त्याला गणती नाही, आणि तरी बरगड्या वर यायला लागल्या. गाल बसले, मान लांब दिसू लागली, पोट पाठीला लागलं. ज्या रानात सगळ्यांना सडसडीत व्हायचं होतं, त्या रानात हे लपून राहतं थोडंच. रानगव्यांच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा तिला तळ्यावर गाठून म्हणाल्या, अहो, कसं जमवलंत, आम्हाला तरी सांगा. हत्तीण तिच्याकडे बघून उसासे टाकायची. हरणांच्या पोरी तिच्यासारखी मान काढून चालू लागल्या आणि झाडांवर आपटल्या. आक्का प्रत्येकीला सांगायची की बाई, मला बरं नाही, मला उतारा मिळत नाही. त्या म्हणायच्या, गुपित सांगायचं नसेल तर नका सांगू.

हे निर्मोहीशेठच्या कानावर गेलं आणि त्याचे कान उभे राहिले. सडसडी घेऊन इतकं सुंदर कुणीच वाळलं नव्हतं. राजाची तर नुसती कातडी लोंबायची. शेठने ताबडतोब सडसडीत सन्मान सोहळा ठरवला. कोठारासमोरच मंडप घातला. आक्काला आणायला चार सांबरं पाठवली. ती म्हणाली, मला चालवत नाही. सांबरं म्हणाली, त्याचीच तर शाल मिळणार आहे. ती आली, कारण शेठच्या दारातच उतारा होता, आणि व्यासपीठावर चढून मागितला तर चारचौघांत तो नाही म्हणणार नाही असं तिला वाटलं. साधा विचार होता. मला तो अजूनही चुकीचा वाटत नाही.

सोहळा रंगला. राजाने शाल घातली, ती आक्काच्या अंगावरून घसरली, पुन्हा घातली, पुन्हा घसरली, आणि प्रत्येक घसरणीला टाळ्या पडल्या. नारळ दिला तो तिला धरवेना, म्हणून तो तिच्या वतीने भल्लेरावाने धरला. शेठने भाषणात सांगितलं की पूर्वी आपल्या रानात बारीक होण्यासाठी उपाशी राहावं लागे, आज विज्ञानाने हे सगळ्यांच्या आवाक्यात आणलं आहे. मग आक्काला दोन शब्द बोलायला सांगितलं.

आक्का पुढे आली. “मी काई घेतलं नाई,” ती म्हणाली. “मले काई भेटलंच नाई. हे जे तुमाले दिसून राह्यलं, हा माहा रोग हाये. मले शाल नको. मले एक काटा उतारा द्या.”

मग शेठने डोळे पुसले आणि तो म्हणाला, बघा, एवढं यश मिळूनही श्रेय घेत नाहीत, याला म्हणतात विनम्रता. मंडप टाळ्यांनी दणाणला. हत्तीण उभी राहून रडली.

उंबरावर बसलेल्या शेंडेनानाला टाळ्या ऐकू येत होत्या, पण त्याची नजर खाली होती. मंडपाच्या पायरीवरून मुंग्यांची एक रांग वर चढत होती. पायरी, मग व्यासपीठ, मग आक्काचे खूर. गर्दीला ती दिसत नव्हती, त्याला दिसली. आणि आक्काचे पुढचे पाय दुमडताना दिसले. त्या क्षणी निरीक्षक पद, नियम, उंबरं, सगळं त्याच्या डोक्यातून निघून गेलं आणि त्याच्या घशातून बापजाद्यांचा खकार बाहेर पडला. वाघ दिसल्यावरचा, पोटातून निघणारा.

सुखारण्य पळालं. कुणी विचारलं नाही. सगळ्यांत आधी राजा पळाला, सुरक्षेच्या कारणास्तव, नारळ घेऊन. त्याच्या मागे मंत्रिमंडळ, त्याच्या मागे महिला मंडळ. मंडप कोसळला. समोर आडोसा म्हणून एकच होता, शेठचं कोठार; सगळी गर्दी त्याच्या फाटकावर आदळली, फाटक मोडलं आणि जंगल आत पडलं. अंगणातले उताऱ्याचे हंडे धडाधड उलथले. त्यांचा आवाज रिकाम्या हंड्यांचा होता. झाकणं मात्र खरोखरच चकचकीत होती.

काही मुंग्या लागलेली जनावरं ते हंडे उलटेपालटे करून आत डोकावत राहिली. बाकीच्यांनी मागची खोली बघितली. ती छतापर्यंत सडसडीने भरलेली होती, वैभववनाच्या पत्त्यावर. तेव्हा जनतेचा संताप अनावर झाला. शेठ इतके दिवस हे आपल्यापासून लपवतो म्हणजे काय, असं म्हणून जनतेने सगळी सडसडी लुटली. क्रांती झाली असं त्या दिवशी पुष्कळांना वाटलं. पुढचे आठ दिवस सुखारण्यात कुणालाच भूक लागली नाही आणि राज्यकर्त्यांना इतका शांत आठवडा पूर्वी कधी मिळाला नव्हता.

मोडलेल्या मंडपात ठिपकेआक्का एकटी पडून होती. तिने खकार ऐकला होता आणि आयुष्यात पहिल्यांदा ती पळू शकली नव्हती. शेंडेनाना उंबरावरून खाली उतरला. जमीन त्याच्या पायांना परकी झाली होती. तो तिच्या तोंडाशी बसला आणि खुरांवरच्या मुंग्या झटकू लागला. त्या पुन्हा येत होत्या, तो पुन्हा झटकत होता.

“वाघ कुठी हाये, नाना?” तिने विचारलं.

“वाघ नाई, आक्का. उतारा नाई.”

“मंग हे आधी काहून नाई खकारले?” ती म्हणाली. रागाने नाही. तिला खरंच कळून घ्यायचं होतं.

नाना धावत नदीकडे गेला, मगरींतून पोहत पलीकडे गेला, घोरपड्याच्या पाया पडून एक काटा उतारा घेऊन आला. तोंडात धरून आणला. तो परत पोचला तेव्हा मुंग्या मंडपातून निघून चालल्या होत्या, कारण त्यांचं काम संपलं होतं. मला या ठिकाणी गोष्ट थांबवावीशी वाटते. पण सरकार थांबलं नाही.

भल्लेरावाने शोकसंदेशात म्हटलं की सडसडीत जंगलाचं स्वप्न पाहत ठिपकेआक्कांनी देह ठेवला. चौकात तिचा पुतळा मंजूर झाला. तो बारीक असल्यामुळे दगडही कमी लागणार होता. चौकशी समितीवर एक तरस, एक गिधाड आणि निर्मोहीशेठचा मधला भाऊ नेमला गेला. गिधाडाला अशा प्रकरणांचा प्रत्यक्ष अनुभव होता. समितीने सगळ्या बाजू तपासल्या. खकार होईपर्यंत जंगलात टंचाईची एकही नोंद नव्हती आणि खकार होताच फाटक मोडलं, यावरून टंचाई कुणी केली हे उघडच होतं. वाघ नसताना खकारल्याबद्दल शेंडेनानाला शेंड्यावर बसायला कायमची बंदी झाली, आणि निरीक्षकाचं पद खर्चकपातीत रद्द झालं. मुंगसाने यावर कडाडून टीका केली. पुढच्या निवडणुकीनंतर त्याला भल्लेरावाने आरोग्यमंत्री केलं.

आता नाना जमिनीवर राहतो. शेंड्यावर कुणी नसल्यामुळे चितळांना वाघ येतोय हेही कळत नाही. अधूनमधून कळपातलं एखादं कमी होतं. एखादं तळ्यावर पाणी पिता पिता पडतं, एखादं वाघ नेतो. सरकारदरबारी दोन्हीची नोंद सारखीच होते. सुखारण्यात आता उताऱ्यावाचून कुणी मरत नाही, वाघामुळेही मरत नाही. जो मरतो तो वैयक्तिक कारणास्तव मरतो.